पडद्यावरचे पान कागदावर



व्यापाराच्या नित्यकामात शिरलेल्या नव्या साधनांविषयी या सदरातून आपण बोलत आलो आहोत. आजचा विषय वरकरणी क्षुल्लक आहे. इंटरनेटवर उघडणारे, बाणाच्या खुणेवर टिचकी मारताच पुढे सरकणारे सादरीकरण, ज्याला आपल्या घरातील मुले सरळ ‘प्रेझेंटेशनची लिंक’ म्हणतात, ते कागदावर कसे उतरवावे, एवढाच प्रश्न आहे. गतवर्षीच्या सप्टेंबरपर्यंत मला तो प्रश्न वाटतही नव्हता.

परभणीच्या मोंढ्याजवळ आमचे पाइप व तुषार सिंचनाच्या संचांचे दुकान आहे. १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, येथील वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात रबीचा शेतकरी मेळावा भरतो आणि त्याच्या आगेमागे कंपन्यांच्या विक्रेता-बैठकांनाही ऊत येतो. अशाच एका बैठकीस मी व माझा पुतण्या गेलो होतो. कंपनीचे नाव घेण्याचे प्रयोजन नाही. जे घडले ते हेतुपुरस्सर होते की हलगर्जीने, हे मला आजही सांगता येणार नाही. सभागृहात अंधार करून मोठ्या पडद्यावर हंगामाची योजना दाखविण्यात आली. किती माल उचलला की किती टक्के सवलत, याचे टप्पे एकामागून एक पडद्यावर उमटत होते. जेवण उत्तम होते. सायंकाळी प्रतिनिधीने सर्वांना व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक पाठविली.

दुकानी आल्यावर पुतण्याने ती आप्पांना दाखविली. आप्पा म्हणजे माझे थोरले बंधू. वयाची पंचाहत्तरी गाठली तरी खरेदीचा शेवटचा शब्द आजही त्यांचाच असतो. त्यांनी दोन-चार स्लाइड पाहिल्या, चष्मा काढून ठेवला आणि म्हणाले, “छान आहे. आता याचा कागद दे.”

पुतण्याने कंट्रोल आणि पी ही दोन बटणे दाबली. यंत्रातून एकच पान बाहेर आले. त्यावर कंपनीचे बोधचिन्ह आणि ‘आपले हार्दिक स्वागत’ एवढेच शब्द होते, तेही फिकट करड्या रंगात. त्याने पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा स्वागतच झाले. मग तो स्टेशनकडील एका झेरॉक्सच्या दुकानात गेला. तिथल्या मुलाने बरीच खटपट करून तीन कोरी पाने आणि एक अर्धे कापलेले पान हाती ठेवले व चारही पानांचे पैसे घेतले. ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ ही म्हण आम्हा परभणीकरांना जन्मभर ऐकावी लागते. पुण्यातील नोकरी सोडून दुकानावर आलेल्या या मुलास नातेवाईक ती अजूनही ऐकवितात. त्या दिवशी संगणकाचे शिक्षण घेतलेल्या त्या मुलाचा चेहरा अगदी उतरला होता. “काका, पुण्यात कधी कोणी कागद मागितलाच नव्हता,” तो मला म्हणाला.

असे का होते, हे समजले की अर्धी वाट सरते. दुकानाच्या दर्शनी भागाचा फोटो काढला तर काउंटरवरचा माल दिसतो, गोदामातील दिसत नाही. वेबवरील सादरीकरणाचे तसेच आहे. ते वस्तुतः एकच वेबपान असते. चोवीस स्लाइड त्याच पानात एकावर एक रचलेल्या असतात. एक उघडी, बाकीच्या झाकलेल्या वा पडद्याच्या चौकटीबाहेर सरकविलेल्या. ब्राउझरला ‘छाप’ म्हटले की तो त्या क्षणी जे मांडलेले आहे तेवढेच छापतो. पुढील स्लाइड येण्यासाठी कोणीतरी टिचकी मारावी लागते, आणि कागदावर टिचकी मारण्याची सोय नाही.

वेब घडविणाऱ्यांना हे ठाऊक नव्हते असे नाही. पानाला पडद्यासाठी एक पेहराव व कागदासाठी दुसरा देता येईल, अशी तरतूद १९९८ सालच्या वेब-मानकांतच झाली होती. २००४ मध्ये एरिक मेयर या अमेरिकी तज्ज्ञाने ‘एस फाइव्ह’ नावाचे वेब-सादरीकरणाचे एक साधे साधन खुले केले, त्यात हा दुसरा पेहराव मुळातच शिवलेला होता. पडद्यावर ते स्लाइड दाखवी. छापावयास घेतले की सर्व मजकूर सलग लेखासारखा उतरे. पुढे सादरीकरणे देखणी झाली, हलू-नाचू लागली आणि कागदाचा पेहराव बऱ्याच ठिकाणी मागे पडला किंवा कोठेतरी दडून राहिला. तो दडलेला पेहराव शोधणे, हीच खरी युक्ती आहे. ब्राउझरशी झुंजत बसण्याआधी सादरीकरण कोणत्या साधनात बनविले आहे, हे पाहावे.

आमच्या पुतण्याने रात्री हेच केले. लिंकच्या पत्त्याच्या शेवटी ‘#’ हे चिन्ह, तिरपी रेघ व आकडा दिसत होता. उजव्या कोपऱ्यात खाली बाणांची जुडी होती. आणि एस्केपचे बटण दाबताच साऱ्या स्लाइड लहान होऊन शेजारी-शेजारी मांडल्या गेल्या. ‘रिव्हील जेएस’ या साधनाच्या या ठळक खुणा आहेत. हाकिम एल हत्ताब या स्वीडनच्या प्रोग्रामरने घडविलेले हे साधन मोफत असून जगभर वापरले जाते. त्याच्या नावाचा अर्थच ‘उघड करणे’ असा आहे, हे पुढच्या प्रसंगात आम्हाला फार लागू पडले.

या साधनात छपाईची वाट बांधलेली आहे, मात्र तिचे बटण पाहणाऱ्यास समोर दिसत नाही. पत्त्यात प्रश्नचिन्ह घालून त्यापुढे रोमन लिपीतील लहान अक्षरांत ‘प्रिंट’, मग जोडरेघ, मग ‘पीडीएफ’ असे लिहावयाचे आणि पान पुन्हा उघडावयाचे. हे सर्व ‘#’ या चिन्हाच्या आधी यावे लागते. नंतर लिहिल्यास काहीच होत नाही, व येथेच बहुतेकांची फसगत होते. पत्ता बरोबर लिहिला की सर्व स्लाइड एकाखाली एक उलगडतात. हे क्रोम ब्राउझरमध्ये करणे श्रेयस्कर. त्यानंतर छपाईच्या खिडकीत छपाईयंत्राऐवजी ‘सेव्ह अ‍ॅज पीडीएफ’ निवडावे, पान आडवे ठेवावे आणि ‘मोअर सेटिंग्ज’ उघडून ‘बॅकग्राउंड ग्राफिक्स’ या चौकटीत खूण करावी. शाई वाचावी म्हणून ब्राउझर एरवी पार्श्वभूमीचा रंग छापत नाही. गडद निळ्यावर पांढरी अक्षरे अशी रचना असली तर निळा रंग गळून पडतो आणि पांढऱ्या कागदावर अक्षरे फिकट उरतात किंवा दिसतच नाहीत. आमचे करडे ‘स्वागत’ त्यामुळेच होते.

पीडीएफ तयार झाली, ती एकसष्ट पानांची. स्लाइड चोवीस आणि पाने एकसष्ट, हे पाहून मी चक्रावलो. पुतण्याने उलगडा केला. ज्या स्लाइडवर मजकूर टिचकीगणिक उमटतो, तिच्या प्रत्येक टप्प्याचे हे साधन एकेक वेगळे पान करते. सवलतीचे चार टप्पे एकामागून एक येत असतील तर पहिल्या पानावर एक, दुसऱ्यावर दोन, असे होत जाते. तेव्हा प्रत्येक स्लाइडचे फक्त शेवटचे पान छापले की पुरे. सारे त्यात येते. छपाईच्या खिडकीत पानांचे आकडे स्वल्पविराम देऊन लिहिता येतात. चोवीस पाने, एका कागदावर दोन, म्हणजे बारा कागद. कागद वाचविण्याचा हा हिशेब मलाही पटला.

आप्पांना तो पटला नाही. “गाळलेल्या पानांवर काय आहे, हे तू पाहिलेस का?” त्यांनी विचारले.

पुतण्या म्हणाला, “आप्पा, तेच-तेच आहे.”

“मग तेच-तेच एकदा मला दाखव. छोट्या अक्षरात चालेल.”

क्रोममध्ये एका कागदावर चार पाने बसविण्याची सोय आहे. सोळा कागदांत सर्व एकसष्ट पाने बसली. दुसऱ्या दिवशी दुपारी, गिऱ्हाईक नसताना, आप्पा भिंग घेऊन बसले. सदतिसाव्या पानावर त्यांची पेन्सिल थांबली. सवलतीच्या टप्प्यांखाली तिथे एक बारीक ओळ होती. तिचा आशय असा की, एकाही बिलाचे पैसे मुदतीबाहेर गेल्यास संपूर्ण हंगामाच्या सवलतीवरील हक्क संपेल. छत्तिसाव्या पानावर ती ओळ नव्हती. अडतिसाव्यावर नव्हती. स्लाइडच्या शेवटच्या पानावर तर नव्हतीच. हे साधन मजकुराला असेही सांगू शकते की, एका टिचकीला ये आणि पुढच्या टिचकीला नाहीसा हो. सभागृहात ती ओळ पडद्यावर किती वेळ होती, ते सांगता येत नाही. प्रतिनिधी घाईत होता, आणि आम्ही सारे वरच्या टक्क्यांकडे पाहत होतो.

आमच्या धंद्यात या ओळीचे वजन किती, हे वाचकांपैकी अनेकांना सांगावे लागणार नाही. शेतकऱ्यास संच द्यावा, तर त्याचे पैसे सोयाबीन विकल्यावर, नाहीतर अनुदान त्याच्या खात्यावर आल्यावर मिळणार. दहापैकी दोन बिले तरी पुढे-मागे होतातच. सवलतीचा वरचा टप्पा गाठण्याच्या हौसेने दुप्पट माल उचलला असता आणि एक बिल आठ दिवस लांबले असते, तर हंगामाचा बहुतेक नफा हातचा गेला असता. आप्पांनी प्रतिनिधीला फोन केला. तो बिचारा खरोखर गोंधळला. ही ओळ त्यालाच ठाऊक नव्हती, असे त्याच्या बोलण्यावरून वाटले. “विचारून सांगतो” हे त्याचे उत्तर अनेक दिवस तसेच राहिले. आम्ही मालाची मागणी निम्मी केली, जेवढ्याचे पैसे मुदतीत भरता येतील तेवढीच.

येथे एक विषयांतर करतो. आपल्या ग्रंथभांडारांत, जसे आपल्या महाराष्ट्रात कारंजा येथे, जुन्या पोथ्या ज्यांनी पाहिल्या असतील त्यांना आठवेल की त्यांची पाने आडवी व लांबट असतात. ताडाचे पान मुळात अरुंद, म्हणून ताडपत्रांचा आकार तसा; आणि पाने दोरीत ओवण्यासाठी मध्ये भोक. पुढे कागद आला. कागद कोणत्याही आकाराचा कापता येत होता, तरीही लेखकांनी आकार आडवाच ठेवला, आणि भोकाची गरज उरली नसतानाही त्या जागी कोरी चौकट किंवा रंगीत ठिपका काढण्याची रीत राहिली. एका साधनावरून दुसऱ्यावर मजकूर नेताना काही गोष्टी निष्कारण सोबत येतात, काही नकळत गळतात. नक्कल करणारा प्रत्येक ओळ डोळ्यांखालून घालीत असे, म्हणून गळलेले त्याच्या ध्यानी येण्यास वाव होता. आपण बटण दाबतो आणि यंत्राने सर्व आणले असेल असे गृहीत धरतो.

आजची स्लाइडही आकाराने पोथीचीच नातलग आहे. सोळास नऊ हे तिचे प्रमाण. आपला ए-फोर कागद २९७ बाय २१० मिलिमीटरचा. आडव्या कागदावर स्लाइड पूर्ण रुंदीने बसविली तर तिची उंची १६७ मिलिमीटर होते आणि ४३ मिलिमीटरची पट्टी कोरी राहते. ही पट्टी वाया गेली असे समजू नये. आप्पा त्याच पट्टीत पेन्सिलीने प्रश्न लिहितात. उभ्या कागदावर दोन स्लाइड सहज मावतात व अक्षर वाचण्याजोगे राहते; चार बसविल्यास भिंग लागते, हा आमचा अनुभव.

समासांविषयी मात्र जपून. हे साधन घडविणारे सांगतात की मार्जिन शून्य ठेवावे, म्हणजे चित्र कडेपर्यंत येते. दिसण्यासाठी ते ठीकच. परंतु मार्जिन शून्य केले की क्रोम ‘हेडर्स अँड फूटर्स’ ही चौकट दाखवीतच नाही, आणि व्यापाऱ्यास तीच हवी असते. कारण तिच्यामुळे प्रत्येक पानाच्या कडेला छपाईची तारीख, पानाचे नाव, संपूर्ण पत्ता व पृष्ठक्रमांक उमटतो. देखणी प्रत ग्राहकास वा पाहुण्यास द्यावी. फाइलला लावण्याची प्रत नेहमीचे मार्जिन ठेवून, ही चौकट खूण करून काढावी. कडेचा थोडा भाग लहान झाला किंवा मोडला तरी हरकत नाही. आमच्या सोळा कागदांवर ही तारीख होती. त्या वेळी ती योगायोगाने राहिली, कारण पुतण्या मार्जिन बदलावयास विसरला होता!

प्रत्येक लिंक याच साधनाची नसते. गूगल स्लाइड्समधील सादरीकरण पत्त्यावरूनच ओळखू येते. त्याच्या पत्त्याच्या शेवटी ‘प्रेझेंट’ हा शब्द असेल तर वरचा मेनू दिसत नाही. तो शब्द पुसून तेथे ‘एडिट’ लिहावे, म्हणजे मालकाने तेवढी परवानगी ठेवली असल्यास मेनूसह पान उघडते. मग ‘फाइल’ मधील ‘प्रिंट प्रिव्ह्यू’ घ्यावे. एका कागदावर अनेक स्लाइड, पार्श्वभूमी वगळून छपाई, अशा सोयी तेथे आहेत. आणखी दोन बाबी तेथे आवर्जून पाहाव्यात. सादर करताना वगळलेल्या स्लाइड छपाईत घेण्याचा पर्याय तेथे असतो, तो चालू करून पाहावा. आणि प्रत्येक स्लाइडखाली वक्त्याने स्वतःसाठी लिहिलेली टिपणे असतात, तीही छापता येतात. दुसरी बाब वाचकांपैकी जे स्वतः सादरीकरण पाठवितात त्यांनी अधिक लक्षात ठेवावी. ‘यांना दोन टक्के कमी सांगायचे’ असे टिपण ठेवून लिंक पाठविणाऱ्याचे टिपण समोरचा माणूस शांतपणे छापून घेऊ शकतो.

कॅन्व्हामध्ये बनविलेल्या सादरीकरणाची केवळ पाहण्याची लिंक मिळाली असेल, तर पाहणाऱ्यापाशी फारसे उपाय नसतात. त्याच्या कर्त्याकडूनच पीडीएफ मागवावी. त्याला ‘पीडीएफ प्रिंट’ हा प्रकार निवडावयास सांगावे. ‘स्टँडर्ड’ प्रकार पडद्यासाठी असतो व छापल्यावर चित्रे काहीशी पुसट येतात. बुडापेस्टमध्ये २००९ साली सुरू झालेल्या प्रेझीचा प्रकार आणखी निराळा. त्यात स्लाइड नसतातच. एका विशाल पटावर दृष्टी जवळ-दूर फिरत राहते. त्याची पीडीएफ काढली की प्रवासातील प्रत्येक थांब्याचे एक पान होते, पण एका मुद्द्याचा दुसऱ्याशी असलेला संबंध, जो फिरत्या दृश्यात दिसत होता, तो कागदावर दिसत नाही.

कोणतीच वाट सापडली नाही तर शेवटचा उपाय म्हणजे पडद्याचे चित्र घेणे. विंडोजमध्ये विंडोज, शिफ्ट आणि एस ही बटणे एकत्र दाबली की पडद्याचा हवा तो भाग टिपता येतो. प्रत्येक टिचकीनंतर एक चित्र घ्यावे आणि त्यास ०१, ०२ असे दोन अंकी नाव द्यावे. नुसते १, २ असे नाव दिल्यास काही ठिकाणी १० हा २ च्या आधी जाऊन बसतो व पाने उलटसुलट होतात. पत्त्याची पट्टी आणि संगणकाच्या कोपऱ्यातील तारीख चित्रात येऊ द्यावी. हे काम कंटाळवाणे खरे, पण यात एक लाभ आहे. टिचकीगणिक चित्र घेणारा माणूस प्रत्येक टप्पा पाहतोच. घाई असेल तरी छपाईपूर्वी एकदा पहिल्यापासून शेवटपर्यंत सर्व स्लाइड उघडून जावे; कित्येक चित्रे व अक्षरवळणे आपण त्या स्लाइडवर पोहोचल्यावरच इंटरनेटवरून उतरतात, आणि न उतरलेल्या चित्राच्या जागी कागदावर रिकामी चौकट येते. आलेखांवर बाण नेल्यावरच दिसणारे आकडे तर छपाईत सहसा येत नाहीत. ते हाताने लिहून घ्यावेत.

‘लिंक टाका, पीडीएफ मिळवा’ अशी जाहिरात करणारी फुकट संकेतस्थळे पुष्कळ आहेत. आपल्या पेढीस खाजगीत मिळालेला दर अनोळखी संकेतस्थळाच्या हाती देणे, हे आपल्या वहीचे पान चौकात वाचण्यासारखे आहे. ज्यांच्या घरी संगणकशास्त्र शिकणारी मुले आहेत त्यांनी ‘डेकटेप’ नावाचे मोफत साधन आपल्याच संगणकावर बसवून घ्यावे. ते स्वतः टिचक्या मारीत पुढे जाते व सादरीकरणाची पीडीएफ बनविते. काही मालक छपाई मुद्दाम बंद ठेवतात. तो त्यांचा अधिकार मान्य करावा आणि मग लेखी मजकूर सरळ मागावा. ज्याच्या भरवशावर लाखांचा माल उचलावयाचा, तो मजकूर मागण्यात संकोच कसला?

कायद्याच्या अंगाने दोनच गोष्टी सांगतो. तपशील आपल्या सल्लागारास विचारावा. वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. सवलतीची क्रेडिट नोट हिशेबात येते, तेव्हा तिचा आधारही तेवढा काळ आपल्यापाशी असलेला बरा. लिंक सहा वर्षे टिकेल याची हमी तिचा कर्ताही देणार नाही. दुसरे असे की, पडद्यावरच्या मजकुराचा छापील कागद पुरावा म्हणून मांडावयाचा झाल्यास १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार सोबत विहित प्रमाणपत्र द्यावे लागते. तेव्हा नुसता कागद काढून थांबू नये. ज्या दिवशी पीडीएफ काढली त्याच दिवशी ती समोरच्या पक्षास ईमेलने पाठवावी आणि ‘आपली योजना आम्ही अशी समजलो आहोत’ एवढे लिहावे. उत्तर आले तर उत्तम. न आले तरी तारीख लागलेली राहते.

पुतण्याने ती पाठविली होती. उत्तर आले नव्हते.

फेब्रुवारीत हंगामाचा हिशेब झाला. आमची सर्व बिले मुदतीत भरलेली होती, तरीही क्रेडिट नोट अपेक्षेपेक्षा बरीच कमी आली. आम्ही लिंक उघडली, तर चौदाव्या स्लाइडवर डिसेंबरपासूनचे नवे टप्पे होते. पत्ता तोच, रंग तेच, स्वागतही तेच; सप्टेंबरच्या टप्प्यांची खूणसुद्धा कोठे नव्हती. आप्पांनी कपाटातून टाचलेले सोळा कागद काढले. प्रतिनिधीने प्रत्येक कागदाचा मोबाइलवर फोटो घेतला, कडेची तारीख दोनदा वाचली, आणि ते फोटो वरच्या कार्यालयास पाठविले. तीन आठवड्यांनी डिसेंबरपूर्वीच्या मालाची फरकाची नोट आली. डिसेंबरनंतरच्या मालाविषयी बोलणे अद्याप चालू आहे. ते आमच्या बाजूने सुटेलच असे मी म्हणणार नाही.

आता पुतण्या बैठकीस जातो तेव्हा लिंक हाती येताच तिथेच, जेवणाआधी, पीडीएफ करून घेतो. आप्पांची भिंगाची मागणी त्याने एका बाबतीत कमी केली आहे. एकसष्टपैकी जी पाने आधीच्या पानाहून केवळ एका ओळीने वेगळी आहेत, तेथे त्या ओळीभोवती तो स्वतःच लाल चौकट काढून देतो. आप्पा तरीही सगळी पाने पाहतात.

ज्या वाचकांना आपल्याकडील एखादी लिंक छापता येत नसेल त्यांनी तिचा प्रकार, म्हणजे पत्त्याची ठेवण व पडद्यावरील खुणा, पत्राने कळवाव्यात. दर किंवा कंपनीचे नाव लिहू नये. पुतण्याने उत्तरे देण्याचे कबूल केले आहे. दुकानाची वेळ सांभाळून देईल, म्हणून थोडा विलंब झाल्यास क्षमा असावी.